सुटकेनंतरची तीस वर्षे

५ फेब्रुवारी १९९६ रोजी मुंबई पोलिसांनी कामाठीपुऱ्यातल्या कुंटणखान्यांवर मोठे छापे घातले. अल्पवयीन मुलींना कोंडून धंद्याला लावले जात असल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने त्या काळात स्वतःहून दखल घेतली होती. साडेचारशेहून अधिक मुली आणि बाया बाहेर काढल्या गेल्या. त्यांतल्या दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. दुसऱ्या दिवशी ‘सुटका’ हा शब्द छापून आला आणि मुंबईपुरते ते प्रकरण तिथेच मिटले. त्या मुलींचे प्रकरण मात्र तिथून सुरू झाले, आणि त्यांनी ते ज्या रीतीने पुढे नेले त्याला यंदा तीस वर्षे होत आहेत.

आज ३० जुलै. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१३ मध्ये हा दिवस मानवी तस्करीविरोधी दिवस म्हणून ठरवला आणि २०१४ पासून तो जगभर पाळला जातो. आपल्याकडेही शपथा होतील, फेऱ्या निघतील, पोलीस मुख्यालयात कार्यशाळा होतील. त्यात गैर काही नाही. परंतु महाराष्ट्राला या दिवशी एक जुनी गोष्ट आठवायला हवी, कारण तिचा पहिला अर्धा भाग आपल्या शहरात घडला आणि दुसरा अर्धा आपण कधी नीट वाचलाच नाही.

छाप्यात सापडलेल्या नेपाळी मुलींना महाराष्ट्रातल्या सरकारी गृहांत ठेवण्यात आले. तात्पुरता म्हणून झालेला हा मुक्काम महिन्यांवर गेला. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. या आमच्याच कशावरून, नागरिकत्वाची कागदपत्रे कुठे आहेत, असे विचारले गेले. ज्या मुलीला गवत कापायला गेली असताना उचलून नेले, तिच्या कनवटीला नागरिकत्वाचा दाखला कसा असेल? दुसरी भीती उघडपणे बोलली जात होती, की या एड्स घेऊन येतील. ज्या देशात त्यांना विकले तो देश त्यांना गजाआड ठेवत होता आणि ज्या देशातून विकले तो दार लावून बसला होता. शेवटी काठमांडूतल्या सात स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला. जुलै १९९६ मध्ये १२८ जणी नेपाळला परतल्या. तिथे त्यांच्या वाट्याला कॅमेरे आले, कुजबुज आली आणि पुन्हा एक निवारागृह आले.

त्यांच्यापैकी काही जणींना संस्थांनी प्रशिक्षणासाठी एकत्र आणले. विषय होते आरोग्य आणि हक्क. आपल्या बाबतीत जे झाले तो गुन्हा होता, आणि गुन्ह्याला गुन्हेगार असतो, हे तिथे कुणीतरी पहिल्यांदा सरळ शब्दांत सांगितले. तोवर प्रत्येक मुलगी आपापल्या नशिबाला किंवा स्वतःला दोष देत होती. पंधरा-सोळा मुलींनी मिळून गट केला आणि नाव ठेवले ‘शक्ती समूह’. विक्रीला बळी पडलेल्यांनी स्वतः उभी केलेली, स्वतः चालवलेली अशी ही संघटना. त्या काळी त्यांतल्या कित्येकींना सही करण्यापलीकडे फारसे लिहिता येत नव्हते.

संघटना काढली, पण तिची नोंदणी होईना. नोंदणीसाठी नागरिकत्वाचा दाखला लागतो, आणि नेपाळच्या तेव्हाच्या व्यवस्थेत तो बापाच्या किंवा नवऱ्याच्या कागदावरून मिळायचा. ज्यांचे बाप त्यांना घरात घ्यायला राजी नव्हते, ज्यांना नवरा नव्हता, त्यांनी देशाचे नागरिक कसे व्हायचे? जिल्हा कचेऱ्यांचे उंबरे झिजवत चार वर्षे गेली. २००० साली शक्ती समूह अधिकृतपणे नोंदला गेला. या चार वर्षांबद्दल फारसे लिहिले जात नाही, आणि खरे तर तीच सर्वांत महत्त्वाची वर्षे आहेत. कुंटणखान्याचे दार पोलिसांनी उघडले, परंतु देशाचे दार या मुलींनी स्वतः उघडून घेतले. पुढे विकल्या गेलेल्या इतर बायांना दाखले मिळवून देणे हे त्यांच्या कामाचे मोठे अंग झाले, ते यामुळेच. दाखला नसेल तर शाळा नाही, बँकेत खाते नाही, जमिनीत वाटा नाही, परदेशी रीतसर कामाला जाण्यासाठी पासपोर्ट नाही. आणि ज्या बाईकडे कागद नाही तिला दलाल सर्वांत आधी गाठतो.

या गटातली एक चरीमाया तामाङ. काठमांडूच्या ईशान्येला सिंधुपाल्चोक नावाचा डोंगरी जिल्हा आहे, तिथली. तिबेटच्या सीमेला टेकलेल्या आणि राजधानीपासून फार दूर नसलेल्या या जिल्ह्यातून, आणि नुवाकोटसारख्या शेजारच्या जिल्ह्यांतून, तामाङ समाजाच्या मुली बाहेर नेण्याची रीत जुनी आहे. नेपाळच्या राणांच्या राजवटीत त्यांना राजवाड्यांत चाकरीला नेत. राणे गेले आणि वाटा दक्षिणेकडे वळल्या. चरीमाया सोळा वर्षांची असताना मुंबईला विकली गेली. बावीस महिने तिने कामाठीपुऱ्यात काढले. परतल्यावर गावाने तिला जवळ केले नाही. तरी ती आपल्या जिल्ह्यात गेली आणि ज्यांनी तिला विकले त्यांच्याविरुद्ध नावानिशी फिर्याद दिली. नेपाळमध्ये विकल्या गेलेल्या बाईने स्वतः दलालांविरुद्ध फिर्याद गुदरण्याची ही पहिली वेळ मानली जाते. १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले.

या आठ जणांचा विचार करावा. दलाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुणी अनोळखी, काळ्या चष्म्याचा माणूस येतो. सिंधुपाल्चोकच्या खेड्यात तो अनोळखी नसतो. तो गावचा असतो, नात्यातला असतो, लग्नाचे वचन देणारा असतो, किंवा मुंबईहून सोन्याच्या बांगड्या घालून जत्रेला आलेली कुणी दिदी असते. तिच्याविरुद्ध बोलणे म्हणजे भावकीविरुद्ध बोलणे. पोलिसांच्या यादीत अशी माणसे नसतात. त्यांना ओळखते ती त्यांच्या हाताखालून गेलेली बाई. रस्त्यात कोणत्या गावी गाडी बदलली, कुणाच्या घरी रात्र काढली, सीमेवर कोणती गोष्ट पढवली, किती हजारांची बोली झाली, ‘कर्ज’ म्हणून कुंटणखान्याच्या वहीत किती मांडले आणि ते कधीच का फिटले नाही, हे तिला पाठ असते. ह्यूमन राइट्स वॉचने १९९५ साली मुंबईतल्या नेपाळी मुलींवर केलेला अहवाल या कर्जाच्या वह्यांविषयी बरेच सांगतो. पण अहवाल लिहिणाऱ्यांना जे शोधून काढावे लागले, ते या मुलींनी सोसलेले होते. त्या ज्ञानाला किंमत आहे, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याला केवळ दयेचा विषय समजणे हा अडाणीपणा आहे.

शक्ती समूहाने हे ज्ञान कामाला लावले. खेड्यांत आणि काठमांडूच्या गरीब वस्त्यांत किशोरींचे गट बांधले. व्याख्यान देणारी बाई शहरातून आली तर मुली ऐकून घेतात आणि विसरतात. आपल्यासारखीच बोलणारी, आपल्याच डोंगरातली बाई ‘मी अशी गेले’ म्हणून सांगते तेव्हा गट स्तब्ध होतो. नुकत्याच सुटून आलेल्या मुलीजवळ पहिल्या रात्री कुणी बसायचे हाही प्रश्न असतो. ती पोलिसांवर, डॉक्टरवर, समुपदेशकावर, कुणावरच विश्वास ठेवत नाही, आणि तिने का ठेवावा? तिथे आधी सुटून आलेली बाई लागते. न्यायालयात साक्षीच्या दिवशी आरोपीची माणसे आवारात उभी असतात. तेव्हा हात धरून सोबत चालणारी बाई लागते. निवारागृह चालवणे, शिवणकाम आणि शिक्षण, वकील मिळवून देणे, पुन्हा घरी जायचे की नाही याचा निर्णय तिच्यावर सोपवणे, अशी ही कामे आहेत. २००५ नंतरच्या काळात विक्रीच्या वाटाही बदलल्या. मुंबई-पुण्याऐवजी काठमांडूतल्याच केबिन रेस्टॉरंट आणि डान्सबारमध्ये मुली नेल्या जाऊ लागल्या. घरकामाच्या नावाखाली आखाती देशांत पाठवल्या जाऊ लागल्या. हे बदल शक्ती समूहाच्या कामात लवकर दिसले, कारण त्यांच्या दारात नव्या मुली येत होत्या.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. २००९ मध्ये नेपाळ सरकारने मानवी बेचबिखन (तस्करी) नियंत्रणाच्या राष्ट्रीय समितीवर विक्रीतून सुटलेल्या दोघींना सदस्य म्हणून नेमले. त्यांतली एक चरीमाया. २०१३ मध्ये शक्ती समूहाला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा समितीवरची ती नेमणूक आम्हाला मोठी वाटते. पुरस्कार सोसल्याबद्दल आणि लढल्याबद्दल मिळतो. समितीवरची जागा मात्र तुमच्याशिवाय आम्हाला निर्णय घेता येणार नाही, अशी कबुली असते.

नेपाळने २००७ मध्ये केलेला मानवी बेचबिखनविरोधी कायदा वाचला तर या बायांचा अनुभव त्यात कुठे उतरला आहे ते दिसते. माणसाची विक्री केल्यास वीस वर्षांची कैद आहे. आरोपीने आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे आहे. पीडितेने एकदा पोलिसांत दिलेला जबाब न्यायालयाकडून ताबडतोब प्रमाणित करून घेता येतो, म्हणजे पुढे धमक्यांमुळे ती आली नाही तरी तो पुरावा म्हणून उभा राहतो. दंडाच्या किमान निम्मी रक्कम तिला भरपाई म्हणून द्यायची आहे. कायद्याची अंमलबजावणी जशी व्हायला हवी तशी होत नाही, हे तिथल्या कार्यकर्त्या स्वतःच सांगतात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सर्वाधिक हानी झालेला जिल्हा पुन्हा सिंधुपाल्चोकच होता. घरे पडली, शाळा पडल्या आणि दलालांना रान मोकळे झाले. तेव्हा मदत-छावण्यांत मुलींवर लक्ष ठेवायला सर्वांत आधी कुणी सज्ज असेल तर ज्यांना हे असे होणार याची पूर्वकल्पना होती त्या बाया होत्या.

आता महाराष्ट्राकडे वळू. ज्या वर्षी काठमांडूत शक्ती समूहाची जुळवाजुळव झाली त्याच वर्षी, १९९६ मध्ये, सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन झाली. मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या वतीने सांगलीच्या वेश्यावस्तीत एड्सप्रतिबंधाचे काम सुरू केले होते. निरोध वाटणाऱ्या आणि एकमेकींना दवाखान्यात नेणाऱ्या बाया स्वतःच वस्तीतल्या होत्या. त्यांनी पुढे आपली वेगळी संघटना केली आणि ती पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाच्या सीमाभागात पसरली. या संघटनेची भूमिका शक्ती समूहाच्या भूमिकेहून वेगळी आहे. आम्ही सज्ञान आहोत, हा आमचा धंदा आहे, आमची ‘सुटका’ करू नका, पोलिसांचा मार, गुंडांची खंडणी आणि दवाखान्यातला अपमान थांबवा, असे या बाया म्हणतात. अल्पवयीन किंवा जबरीने आणलेली मुलगी वस्तीत आली तर ती लपून राहू नये यासाठी वस्तीतल्या बायांच्याच समित्या लक्ष ठेवतात, असाही त्यांचा अनुभव आणि दावा आहे.

या दोन भूमिकांवरून स्त्री-चळवळीत गेली तीस वर्षे वाद चालू आहे आणि तो अनेकदा कडवट होतो. एका बाजूला वाटते की दुसरी बाजू दलालांना आडोसा देते. दुसरीला वाटते की पहिली पोलिसांच्या हाती काठी देते. आमचे मत असे की दोन्ही संघटना आपापल्या सदस्यांविषयी खरे बोलत आहेत. गवत कापायला गेली असता उचलून नेलेली सोळा वर्षांची मुलगी आणि पंचेचाळीस वर्षांची, दोन मुलांना शिकवणारी सांगलीची बाई यांची गोष्ट एक नाही. चूक कायद्याची आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा या दोघींना एकाच गाडीत बसवतो. छाप्यात सापडलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते, आणि त्याच कायद्याचे आठवे कलम रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला कैदेची शिक्षाही सांगते. म्हणजे तीच बाई पीडिताही ठरते आणि आरोपीही. १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले, की हा व्यवसाय करणाऱ्या बाईशी सन्मानाने वागा. आणि राज्यांना सांगितले, की मनाविरुद्ध संरक्षणगृहांत ठेवलेल्या सज्ञान बायांची पाहणी करून त्यांना सोडा. न्यायालयाचे हे म्हणणे पोलीस ठाण्यापर्यंत किती पोचले हे पाहायचे असेल तर एखाद्या वस्तीतल्या बाईला विचारावे.

वस्तीविषयी निर्णय घेताना वस्तीला न विचारण्याची सवय आपल्याकडे खोल आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरची गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी बंद केली तेव्हा तिथल्या बाया रस्त्यावर आल्या. त्या कुठे जातील, काय खातील, त्यांच्यातल्या कोण जबरीने आणलेल्या आणि कोण नाहीत, याचा शोध आधी व्हायला हवा होता. अशा बंदीने विकली गेलेली मुलगी सुटत नाही. दलाल तिला दुसऱ्या शहरात, लॉजमध्ये किंवा एखाद्या इमारतीतल्या बंद सदनिकेत नेतो, जिथे तिला पाहणारी शेजारीणही नसते. कामाठीपुरा आज ओसरला आहे, तिथे पुनर्विकासाच्या गोष्टी चालू आहेत. धंदा मात्र मोबाइलवर गेला आहे. गल्लीत निदान कुणाच्या तरी नजरेला पडत होते ते आता कुणाच्याच नजरेला पडत नाही.

सीमाभागाची आणखी एक नोंद इथे केलीच पाहिजे. कामाठीपुऱ्यात नेपाळी मुलींच्या आधीपासून आणि त्यांच्यासोबत कुणी येत होते तर त्या बेळगाव, सांगली, कोल्हापूर पट्ट्यातल्या देवाला सोडलेल्या मुली. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने देवदासी प्रथेवर बंदी घातली. बंदीचा कागद गावोगाव नेला तो मात्र ज्या स्वतः लहानपणी सोडल्या गेल्या होत्या त्या बायांनी. बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी त्यांच्यापैकी एक. माजी देवदासींनीच चालवलेल्या ‘मास’ या संघटनेतून त्यांनी काम केले, बचत गट उभे केले, मुलींना सोडण्याचे विधी रोखले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पंढरपूर-अक्कलकोट-सौंदत्तीच्या वाटेवर राहणाऱ्या मराठी वाचकाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही, तरी त्यांचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

देशाच्या पातळीवरही अशी फळी उभी राहत आहे. पश्चिम बंगाल, आंध्र प्रदेश, बिहार, झारखंड, छत्तीसगड अशा राज्यांतल्या, तस्करीतून बाहेर आलेल्यांच्या गटांनी २०१९ मध्ये ‘इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग’ ही संयुक्त आघाडी केली. चोवीस परगण्यांतले ‘उत्थान’ आणि ‘बिजोयिनी’, आंध्रातले ‘विमुक्ती’ हे तिच्यातले गट. त्यांची मागणी समजून घ्यायला फार कायदा लागत नाही. आम्हाला वर्षानुवर्षे गृहात ठेवण्यापेक्षा आमच्या गावात, आमच्या घरी राहून उपचार, शिक्षण आणि कामधंदा मिळू द्या, असे ते म्हणतात. भरपाई खटला संपल्यावर देण्यापेक्षा गरज असते तेव्हा द्या. नवा कायदा करताना आम्हाला बोलवा. २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केलेले तस्करीविरोधी विधेयक राज्यसभेत मंजूर झाले नाही आणि २०१९ मध्ये बारगळले. २०२१ चा मसुदा पुढे सरकला नाही. सध्या मुख्यतः भारतीय न्याय संहितेचे १४३ वे कलम हाताशी आहे. त्यात शिक्षा कडक आहे, पण शिक्षा होण्याआधी आणि नंतर त्या मुलीचे काय, याला संहितेत उत्तर नाही. २००७ मध्ये ‘उज्ज्वला’ नावाने आलेली पुनर्वसन योजना आता ‘शक्ती सदन’ झाली आहे. नाव बदलताना आतले काय बदलावे हे तिथे राहिलेल्या बायांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते.

सुटून आलेल्यांना विचारणे का गरजेचे, हे कळायला एक उदाहरण पुरेसे आहे. बंगालच्या सुंदरबनातली मुलगी पुण्यात विकली जाते. बुधवार पेठेतल्या कुंटणखान्यातून ती सुटते, काही महिने गृहात राहते, मग घरी जाते. दोन-तीन वर्षांनी खटला उभा राहतो आणि तिला पुण्याच्या न्यायालयाचे समन्स जाते. दोन दिवसांचा रेल्वे प्रवास, सोबत कुणी नाही, गावात पुन्हा चर्चा, घरात नवीन संसार. ती येत नाही. आरोपी सुटतो, आणि आपण म्हणतो साक्षीदार फितूर झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तस्करीतून सुटलेल्या बालकांच्या साक्षी त्यांच्या जवळच्या न्यायालयातून व्हिडिओद्वारे नोंदवण्याची कार्यपद्धती मान्य केली. ज्याने एकदाही असा प्रवास केला नाही त्याच्या ही अडचण लक्षात आली नसती. या कार्यपद्धतीचा लाभ सज्ञान झालेल्या मुलींनाही मिळायला हवा, आणि महाराष्ट्रातल्या सरकारी वकिलांनी तो स्वतःहून मागायला हवा.

तस्करी म्हटले की आपण देहविक्रीवर थांबतो, हीही आपली मर्यादाच. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला आणि मग उघड झाले, की त्या पाड्यांवरची मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात नगर जिल्ह्यात मेंढ्यांमागे राबायला दिली गेली होती. सिंधुपाल्चोकची रीत आणि इगतपुरीची रीत एकच: घरी उपास, दारात ओळखीचा माणूस, हातावर आगाऊ पैसे. ऊसतोडीची उचल आणि वीटभट्टीचा बयाणा यांच्या पोटातही पुष्कळदा हेच असते. त्या पाड्यावर पुढचा दलाल येईल तेव्हा त्याला हटकणारे कोण असेल? जी मुले परतली त्यांना आणि त्यांच्या आयांना आपण संघटित होऊ दिले, शिकू दिले, तर तीच.

अशा संघटनांबद्दल बोलताना दोन काळज्या घ्यायला हव्यात. पहिली अशी, की सुटून आलेल्या बाईला व्यासपीठावर उभे करून तिच्याकडून तिची कहाणी पुन्हा पुन्हा वदवून घेणे हे नेतृत्व देणे होत नाही. कुणाला नाव सांगून बोलायचे असेल तर तो तिचा अधिकार. कुणाला गप्प राहून काम करायचे असेल तर तोही. आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी ओढणीने झाकलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे छापणे थांबवावे. गावात ओढणीवरूनही मुलगी ओळखतात. दुसरी काळजी पैशाची. शहरातल्या संस्थेतला समुपदेशक पगार घेतो, अहवाल लिहिणारा मानधन घेतो, आणि ज्या बाईच्या ओळखीवर, धैर्यावर आणि रात्रीच्या जागरणांवर ते काम उभे असते तिला प्रवासखर्च मिळतो. हे चालता कामा नये. तिचे काम हे कौशल्याचे काम आहे आणि त्याला नियमित वेतन हवे.

महाराष्ट्र सरकारपुढे म्हणून आमची मागणी ठेवतो. जिल्ह्याजिल्ह्यात पोलिसांचे अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष आहेत, महिला व बालविकास विभागाच्या समित्या आहेत, राज्य महिला आयोग आहे. यांतल्या प्रत्येक ठिकाणी तस्करीतून बाहेर आलेल्या किमान दोन बायांना पूर्ण सदस्य म्हणून, मानधनासह आणि मतदानाच्या हक्कासह घ्यावे. त्यांच्यासोबत एक सदस्य वस्तीतल्या बायांच्या संघटनेची असावी, म्हणजे छाप्याची योजना ठरताना दोन्ही बाजूंचा अनुभव टेबलावर येईल. सुटका झालेल्या मुलीशी पहिले बोलणे अशाच प्रशिक्षित बाईने करावे, असा लेखी नियम करावा. मनाविरुद्ध संरक्षणगृहांत ठेवलेल्या सज्ञान बायांची यादी सरकारने जाहीर न करता न्यायालयापुढे ठेवावी आणि त्यांना सोडावे. भरपाईचा हप्ता खटल्याच्या निकालाआधी द्यावा.

नेपाळसारख्या आपल्याहून गरीब देशाने राष्ट्रीय समितीवर दोन जागा २००९ मध्येच दिल्या. ज्यांना दिल्या त्यांतली एक बावीस महिने मुंबईत कोंडलेली होती. महाराष्ट्राने पुढच्या ३० जुलैपूर्वी आपल्या समित्यांवरच्या जागा भराव्यात.